पुरवणी जबाब

दर मंगळवारी सकाळी साडेनऊला, चहाचा कप विसळून झाला की सर्जेराव खराडे फडताळातून एक भांडं काढून ओट्यावर ठेवत आणि बायकोला विचारत, "वैजू, हे कुणाचं?"

वैजयंताबाईंना जाऊन दहा महिने झाले होते.

"जरा उजेडाकडं धरा की," ओट्याच्या कोपऱ्यातली पेटी म्हणाली. पेटी मिसळणाच्या डब्याएवढी, करड्या रंगाची. वर बारीक जाळी आणि समोर हरभऱ्याएवढी काच. सर्जेरावांनी पितळी पेला खिडकीपाशी नेऊन फिरवला. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं होतं.

"हां, वग्याणीबाईंचा. आपल्या वास्तुशांतीला दिलेला. त्यांचा धाकटा माझ्या वर्गात होता, सतराच्या पाढ्याला हमखास अडकायचा. बाई मला म्हणायच्या, सतरा सोडून शिकवा की. तो आता पलूसला असतो, त्याला द्या."

सर्जेराव हसले. मग नेहमीप्रमाणे त्यांच्यानं राहवलं नाही. "गुडघा फार धरलाय गं आज," ते म्हणाले.

"ते मिळकतीत येत नाही हो."

आवाज तिचाच होता. 'हो'वर किंचित रेंगाळायची लकबही तिचीच. म्हणून तर नकार मिळूनही ते दर मंगळवारी असलं काहीतरी विचारत आणि तोंडघशी पडत.

त्या पेटीला सरकारी भाषेत उत्तरसाक्षी म्हणत. मृत्युपत्र कितीही नीट लिहिलं तरी माणूस गेल्यावर 'त्याच्या मनात नक्की काय होतं' यावरून भावाभावांत कज्जे उभे राहायचे. त्यावर तोडगा म्हणून कायदा झाला. मृत्युपत्र करणाऱ्यानं नोंदणी कार्यालयात बसून चाळीस तास बोलायचं. आपल्या वस्तू, आपली माणसं, कुणाला काय आणि का, सगळं. त्या बोलण्यातून ही पेटी तयार होई. पुढं वाटणीत काही अडलं तर मृत्युपत्राच्या व्यवस्थापकानं तिला विचारायचं. एकच अट होती. पेटीनं मिळकतीपुरतंच बोलायचं, आणि यादीतली शेवटची वस्तू ज्याची त्याला पोचली की ती कायमची बंद व्हायची. गेलेल्या माणसांनी राहिलेल्यांच्या घरात किती दिवस बोलत राहायचं, याला कुठंतरी हद्द हवीच.

वैजयंताबाईंची मिळकत ती केवढी. विट्यातला दोन खोल्यांचा फ्लॅट नवऱ्याला, दागिने भाचीला, पुस्तकं शाळेला. पंधरा दिवसांत सगळं निकालात निघालं असतं. पण सातवं कलम होतं भांड्यांचं: 'नाव घातलेली भांडी, मला विचारून, ज्याची त्याला परत द्यावीत.' तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेल्या बाईच्या घरात नाव घातलेली भांडी किती असावीत? बारशाची, डोहाळजेवणाची, निरोप समारंभाची, शिवाय कुणाकुणाकडून शिरा घालून आलेली आणि परत जायची राहून गेलेली. एकूण त्र्याऐंशी.

पहिल्या महिन्यात सर्जेरावांनी एका बैठकीत दहा-दहा भांडी विचारली. उरक हा त्यांचा स्वभाव. आयुष्यभर भूमी अभिलेख खात्यात भूमापक म्हणून लोकांच्या जमिनी मोजल्या, काम साचू दिलं नाही. आणि मग एका सकाळी त्यांच्या लक्षात आलं की आपण बायकोला भराभर संपवतोय. त्या दिवसापासून आठवड्याला दोन, आणि पुढं आठवड्याला एक.

मंगळवार सोडला तर बाकीचे सहा दिवस घर मुकं असे. मूलबाळ नव्हतं. कुकरच्या तीन शिट्ट्या आणि खालच्या मजल्यावरची दळणाची गिरणी, एवढेच काय ते आवाज. कधीकधी दुपारी आपण सकाळपासून एक शब्दही बोललो नाही हे ध्यानात आलं की सर्जेराव मुद्दाम खाकरत, आणि मग स्वतःलाच कसंनुसं होई.

या त्र्याऐंशी भांड्यांत एक भांडं त्यांच्या काळजात घर करून बसलं होतं. कमल अवताडे असं झाकणावर नाव घातलेला तीन पुडांचा स्टीलचा डबा. कमल म्हणजे वैजूची शाळेतली मैत्रीण. सहा महिन्यांपूर्वी सर्जेरावांनी तो डबा पेटीसमोर धरला तेव्हा ती म्हणाली होती, "कमलचाच. मिरजेच्या दवाखान्यात ती यातून माझं जेवण आणायची."

सर्जेरावांचा हात तिथंच थांबला होता. तीस वर्षांपूर्वी मिरजेला वैजूची गर्भपिशवी काढली. वय चौतीस. मुलाची आशा तिथं संपली. एकवीस दिवस ती दवाखान्यात होती आणि सर्जेराव जतकडं कालव्याच्या मोजणीच्या छावणीत. सत्तर किलोमीटर काही फार नव्हतं, पण ते दोनदाच आले. रजा मिळत नाही म्हणून सांगितलं. खरं म्हणजे मागितलीच नव्हती. खाटेवरच्या बायकोशी काय बोलायचं हे त्यांना कळत नव्हतं, आणि मोजणीची साखळी धरून उन्हात उभं राहणं त्यापेक्षा सोपं होतं. पुढं तीस वर्षांत या विषयावर दोघं चकार शब्द बोलले नाहीत.

त्या दिवशी मात्र त्यांनी पेटीला विचारलं होतं, "हा डबा... त्या वेळी मी आलो नाही. तुला राग आला होता?"

डब्याशी संबंध जोडल्यामुळे असेल, 'मिळकतीत येत नाही' असं पेटी म्हणाली नाही. क्षणभर थांबून ती म्हणाली होती, "राग कशाचा? मी काय तुम्हाला ओळखत नव्हते? मी कमलला म्हणायची, हे येत नाहीत म्हणजे यांना फार लागलंय."

सर्जेराव ओट्याला धरून रडले होते. बायको गेल्यावरसुद्धा ते असे रडले नव्हते. नंतर डबा नीट कागदात बांधून त्यांनी कुरिअरनं तासगावला कमलताईंकडं धाडून दिला. त्या एका वाक्याच्या आधारानं ते सहा महिने सुखानं झोपले.

आता वग्याणीबाईंचा पेला गेला की यादीत तीनच भांडी उरणार होती. तीन मंगळवार.

पेला पलूसला रवाना केला त्याच दिवशी सर्जेरावांनी आयुष्यात पहिल्यांदा सरकारी कामात लबाडी करायची ठरवली. बाजारपेठेतल्या भांड्यांच्या दुकानात जाऊन त्यांनी एक तांब्या घेतला आणि दारात नावं घालायला बसणाऱ्या यशवंतासमोर ठेवला.

"काय घालू काका?"

"घाल. कुमारी पुष्पा सदाशिव लिगाडे यांजकडून सप्रेम." हे नाव त्यांनी वाटेत चालता चालता जुळवलं होतं. खाली त्यांनी चाळीस वर्षांपूर्वीची तारीख सांगितली.

यशवंतानं टोचणीचं यंत्र थांबवून वर पाहिलं. "काका, एवढ्या मागची तारीख? तवा ह्यो तांब्या जन्मला तरी हुता का?"

"तू घाल रे."

"घालतो की. माझं काय जातंय. पुष्पाताई खूश झाल्या म्हंजे झालं." असं म्हणून तो गालातल्या गालात हसला. एकोणसत्तर वर्षांचे सर्जेराव कानापर्यंत लाल झाले.

घरी येऊन त्यांनी तांब्या चिंच-मिठात बुडवला, राखेनं घासला, दोन ठिकाणी ओट्यावर आपटून पोचे पाडले. बेत साधा होता. हे नाव पेटीला ठाऊक असणारच नाही. ती म्हणेल, आठवत नाही. मग आपण म्हणू, आठवून बघ, कुठल्या शाळेतली असेल? असं करत दोन-तीन मंगळवार तरी पुढं ढकलता येतील.

पुढच्या मंगळवारी साडेनऊला तांब्या ओट्यावर आला. "वैजू, हा कुणाचा?"

"जरा वळवा," पेटी म्हणाली. मग तिच्या आवाजात ओलावा आला. "अगंबाई, पुष्पीचा! माझ्या पहिल्या शाळेतली. दोन वेण्या, एक कायम सुटलेली. बदली झाली तेव्हा घरातून हा तांब्या घेऊन आली आणि मला देऊन पळूनच गेली. मी कितीदा म्हटलं, तिच्या लग्नात हाच तिला आहेर करायचा. राहून गेलं बघा."

सर्जेराव स्टुलावर बसले. खालच्या गिरणीचा पट्टा फिरत होता. पुष्पा लिगाडे जगात कुठंही नव्हती, आणि पेटीनं तिला वेणीसकट उभं केलं होतं. त्यांच्या मनात पहिला विचार आला तो कमलताईंच्या डब्याचा. दुसरा विचार आलाच नाही.

त्याच दुपारी ते नोंदणी कार्यालयात गेले. तिथल्या उत्तरसाक्षी विभागाच्या अधिकारी नसीम तांबोळी पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या. सर्जेरावांनी तांब्याची सगळी हकीकत काही न लपवता सांगितली. बाईंनी ती ऐकून घेतली, रागावल्या मात्र नाहीत.

"काका, ह्या खुर्चीत मी असल्या पुष्पा पुष्कळ बघितल्यात," त्या म्हणाल्या. मग संगणकावर काहीतरी शोधून त्यांनी पडदा त्यांच्याकडं वळवला. "हे बघा. पहिल्या महिन्यात तुम्ही एक परवानगी दिलीय."

सर्जेरावांनी वाचलं. 'मूळ नोंद उपलब्ध नसल्यास, मृत व्यक्तीच्या स्वभावास अनुसरून अनुमानाने उत्तर द्यावे.' खाली त्यांचा अंगठा.

त्यांना अंधुक आठवलं. सुरुवातीला पेटी सारखी 'याची नोंद नाही हो' म्हणायची. चाळीस तासांत माणूस सांगून सांगून सांगणार किती? दहा-बारा वेळा ते ऐकल्यावर उरक पडेना म्हणून त्यांनी वैतागून पेटीवरच्या कुठल्याशा खुणेवर अंगठा टेकवला होता. त्यानंतर पेटी कधी अडली नाही. आपल्या बायकोला आता सगळं आठवायला लागलं, असं ते धरून चालले होते.

"म्हणजे ती खोटं बोलते?"

"खोटं म्हणू नका. त्या कशा बोलल्या असत्या, ते सांगते. तुमचे प्रश्न ऐकून, तुमचा सूर ऐकून. बहुतेकदा बरोबरही येतं."

सर्जेरावांना हसू आलं, पण ते कडू होतं. त्यांच्या खात्यात याला टेबल मोजणी म्हणत. रानात पाऊल न टाकता कचेरीत बसून बांधाची रेघ ओढायची. असे नकाशे करून आणणाऱ्या किती पोरांना त्यांनी भर उन्हात परत रानात धाडलं होतं. एकाला तर सगळ्यांसमोर विचारलं होतं, तुझ्या बापाची जमीन असती तरी अशीच मोजली असतीस का? आणि स्वतःच्या बायकोची मोजणी मात्र त्यांनी ओट्याशी बसून केली होती.

"एक उत्तर बघायचंय," ते म्हणाले. "कमल अवताडे. डबा."

तांबोळीबाईंनी छाननीचा कागद काढून दिला. त्यावर मूळ नोंदीतलं बोलणं ठळक आणि अनुमानाचं फिकट अक्षरात होतं. 'कमलचाच. मिरजेच्या दवाखान्यात ती यातून माझं जेवण आणायची.' हे ठळक होतं. त्याखाली 'राग कशाचा?' इथून पुढचं सगळं फिकट.

सर्जेरावांनी कागदाची घडी केली, उलगडली, परत घडी केली.

मग बाई म्हणाल्या, "काका, कायद्याचं सांगते. आतापर्यंतच्या उत्तरांपैकी, या तांब्यासकट, एकेचाळीस अनुमानाची आहेत. त्यातल्या जेवढ्या माणसांना गाठता येईल तेवढ्यांची खातरजमा तुम्हाला करावी लागेल. समक्ष जायचं, त्यांना काय आठवतंय ते ऐकायचं आणि पेटीला सांगायचं. त्याला पुरवणी जबाब म्हणतात. व्यवस्थापक म्हणून तुम्ही होकार दिलात की तो जबाब त्यांच्या नोंदीत जातो, मूळ नोंदीच्या बरोबरीनं. तोवर पेटी चालू राहील." आणि त्यांनी सर्जेरावांच्या देखत अनुमानाची परवानगी काढून टाकली.

तोवर पेटी चालू राहील. आठवड्यापूर्वी हे ऐकून सर्जेरावांनी पेढे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं ते तासगावला गेले. कमल अवताडे द्राक्षबागांच्या कडेला असलेल्या लहानशा घरात राहत. दार उघडून त्यांनी दोन क्षण ओळखलं नाही, मग पदर सावरत म्हणाल्या, "दाजी! या, या. डबा पाठवलात तेव्हाच म्हटलं, माणूस आलं असतं तर बरं झालं असतं."

पाणी झालं, चहा झाला. सर्जेरावांनी इकडचं तिकडचं बोलायचा प्रयत्न केला, जमला नाही. शेवटी ते म्हणाले, "कमलताई, मिरजेला मी आलो नाही. त्याबद्दल ती तुमच्याशी काय बोलायची? खरं सांगा. मला सरकारात लिहून द्यायचंय."

कमलताईंनी बशी खाली ठेवली. "सरकारला काय करायचंय आमच्या रडण्याचं?"

"रडायची?"

"दाजी, आता ती नाही. कशाला उकरताय?"

"सांगा."

"रोज चार वाजता भेटायची वेळ व्हायची," कमलताई म्हणाल्या. "ती मला वेणी घालायला लावायची. तुम्ही येणार म्हणून. पाच वाजले की स्वतःच सोडून टाकायची. दहाव्या-अकराव्या दिवशी मी फणी काढली, तर म्हणाली, राहू दे कमल. मला म्हणाली, सगळ्या जिल्ह्याच्या जमिनी मोजतो, त्याला माझ्यापर्यंतचं अंतर तेवढं कळत नाही."

सर्जेराव ऐकत होते. छातीत दुखत होतं, आणि त्या दुखण्यात दहा महिन्यांत प्रथमच त्यांना वैजू दिसली. पेटीतली समजूतदार बाई नव्हे. फणी हिसकावून फेकून देणारी, चिडली की दोन-दोन दिवस जेवण वाढून न बोलता आत जाणारी, त्यांची बायको. त्या वाक्यातली धार अस्सल तिची होती. असं वाक्य पेटीला जन्मात सुचलं नसतं.

"नंतर तिनं मला माफ केलं का?" त्यांनी विचारलं.

"ते मला कसं ठाऊक असणार?" कमलताई मऊ आवाजात म्हणाल्या. "दाजी, तुम्ही तिला कधी विचारलं नाहीत?"

निघताना कमलताईंनी बजावलं, महिन्या-दोन महिन्यांनी येत जा, एकट्यानं किती बसून राहाल. सर्जेराव 'येतो' म्हणाले. एस.टी.त खिडकीशी बसल्यावर त्यांनी यादी काढून पाहिली. अजून चाळीस नावं होती. त्यातली एक पुष्पा, जिच्याकडं जायला वाट नव्हती. पण बाकीची एकोणचाळीस माणसं कुठं ना कुठं वैजूला ओळखत होती, आणि त्यांच्यापाशी तिचं काय काय पडून होतं कुणास ठाऊक.

घरी पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. बुधवार होता. बुधवारी त्यांनी पेटीला कधी हाक मारली नव्हती. पाय धुऊन, पाणी पिऊन ते ओट्यासमोर स्टूल ओढून बसले.

"वैजू, कमलकडं जाऊन आलो."

"डबा पोचला?"

"पोचला. तुला विचारायचंय. मिरजेला मी आलो नाही, तेव्हा तुला राग आला होता?"

या वेळी पेटी थांबली नाही. "याची नोंद नाही हो."

"कमल सांगते, आला होता." आणि त्यांनी सगळं सांगितलं. वेणीचं, फणीचं, अंतराचं. शब्दन्‌शब्द, मोजणीच्या वहीत टिपून घ्यावं तसं. पेटी ऐकत होती. ऐकत होती म्हणजे काय करत होती, हे आता त्यांना नक्की सांगता आलं नसतं.

त्यांचं बोलून झालं. मग वैजूच्या आवाजात, तसंच किंचित रेंगाळत, पेटीनं विचारलं, "अहो, हा पुरवणी जबाब माझ्या नोंदीत घेऊ का? घेतला, तर यापुढं मला तुमचा राग आला होता असंच मी सांगेन. नाही घेतला, तर मला काहीच आठवणार नाही. काय करू?"

होकारासाठी पेटीवरची खूण उजळली. सर्जेरावांनी अंगठा पुढं केला, आणि तो तसाच अधांतरी राहिला. राग नोंदवला, तर निदान माफी मागायला समोर कुणीतरी असेल. पण आपणच सांगितलेल्या रागाची माफी आपण कुणाकडं मागणार? आणि उद्या पेटीनं ती दिलीच, तर ती कुणी दिली म्हणायची?